उत्सव दहा दिवसांचा, वस्ती बारा महिन्यांची

श्रावणी अमावास्येला पोळा साजरा होतो, बैलांच्या अंगावरील झुली आणि गळ्यातील घुंगरमाळा उतरवून ठेवल्या जातात, आणि चारच दिवसांनी भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घराघरांत गणरायाचे आगमन होते. दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. सप्तर्षी आणि माता अरुंधती यांच्या पूजनाचा हा दिवस सर्वत्रच पाळला जातो. परंतु वऱ्हाडातील, आणि त्यातही बुलडाणा जिल्ह्यातील भाविक कुटुंबांना या पंचमीचे महत्त्व दुहेरी आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, शेगाव येथे श्री संत गजानन महाराजांनी समाधी घेतली. तेव्हापासून दरवर्षी याच तिथीला महाराजांच्या समाधीपुढे लक्षावधी मस्तके नम्र होतात.

असा हा विलक्षण योग आहे. एकीकडे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक चौकात मंडप उभे राहिलेले असतात, तर दुसरीकडे गावोगावच्या दिंड्या शेगावची वाट चालत असतात. एका बाजूला वस्तीचा उत्सव, दुसऱ्या बाजूला तीर्थक्षेत्राचा उत्सव. दोन्हीकडे वर्गणी आहे, प्रसाद आहे, गर्दी आहे आणि भक्तीही आहे. मात्र उत्सव आटोपल्यानंतर या दोन ठिकाणी काय मागे उरते, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धाळू कुटुंबाने स्वतःस विचारून पाहावा. गल्लीतील मंडप उतरला की बहुधा खड्डे, तुटलेली नाली आणि निर्माल्याचा ढीग मागे राहतो. शेगावात मात्र शतकाहून अधिक काळ उत्सवामागून उत्सव झाले आणि त्यांतूनच शाळा, दवाखाने, अन्नछत्र व भक्तनिवास उभे राहिले. हा फरक पैशामुळे पडला, असे आपण चटकन म्हणतो. परंतु शेगावचा इतिहास पाहिला असता ध्यानी येते, की तेथेही आरंभी पैसा नव्हता. आरंभी होती ती एक शिस्त; आणि ती कोणत्याही वस्तीला परवडण्यासारखी आहे.

पंचमीचे व्रत आणि दुसऱ्याचे श्रम

ऋषिपंचमीच्या व्रताचा एक नियम आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया कटाक्षाने पाळत आल्या आहेत. या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले अन्न वर्ज्य मानतात. नांगर न लागलेल्या जमिनीत, परसात, कुंपणाच्या कडेला हातांनी लावलेल्या भाज्या व कंद यांचीच भाजी या दिवशी होते. आधी पाचच दिवस पोळ्याला ज्या बैलाची पूजा केली, त्याच्या कष्टाचे अन्न आज घ्यावयाचे नाही, हा त्यातील भाव मोठा हृद्य आहे. आपल्या पानात जे पडते त्यामागे कोणाचे तरी श्रम आहेत, आणि वर्षातून एक दिवस तरी त्या श्रमांचा भार आपण कोणावर घालणार नाही, अशी ही मूक प्रतिज्ञा आहे.

ही दृष्टी घेऊन आपल्या गल्लीतील उत्सवाकडे पाहावे. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिरवणूक संपते. दुसऱ्या दिवशी पहाटे आपण निद्रेत असताना नगरपरिषदेचे सफाई कामगार रस्त्यावरील गुलाल, पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले आणि फटाक्यांचा कचरा उचलत असतात. बैलाच्या कष्टाचे अन्नही पंचमीला नको म्हणणाऱ्या धर्माने, माणसाच्या पाठीवर हा भार टाकताना क्षणभर तरी थांबावयास हवे. आपल्या मंडपाचा कचरा आपणच उचलणे हा या व्रताचाच एक विस्तार मानला, तर त्यात शास्त्राला बाध येणार नाही. उलट ऋषींच्या नावाने पाळलेले व्रत खऱ्या अर्थाने फळास येईल.

उष्ट्या पत्रावळीपासून

महाराजांच्या प्रकटनाची कथा प्रत्येक घरात ठाऊक आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, शेगावात देविदास पातुरकर यांच्या घरी भोजनसमारंभ झाला होता. जेवणे आटोपून उष्ट्या पत्रावळ्या बाहेर टाकल्या होत्या, आणि त्या पत्रावळ्यांवरील शिते वेचून खाणारा एक दिगंबर तरुण बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस पडला. ताजे अन्न आणून दिले तेव्हा त्याने ते चवीचा भेद न करता एकत्र कालवून ग्रहण केले, आणि गुरांसाठी ठेवलेले पाणी पिऊन तो तृप्त झाला, असे दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ग्रंथात वर्णिले आहे.

या प्रसंगाचा पारमार्थिक अर्थ थोरांनी पुष्कळ सांगितला आहे. येथे त्यातील एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. महाराजांचे पहिले दर्शन झाले ते गाभाऱ्यात झाले नाही. ते एका वस्तीच्या रस्त्यावर, समारंभानंतर टाकून दिलेल्या अन्नापाशी झाले. जेथे आपला उत्सव संपतो आणि आपण पाठ फिरवतो, नेमक्या त्याच ठिकाणी संत प्रकट झाले. अन्नाचे एक शीतही वाया जाऊ नये, हा बोध त्या दिवसाने दिला. शेगावच्या महाप्रसादाच्या पंगतीत पानात टाकू नये याविषयी जी दक्षता घेतली जाते, तिचे मूळ या कथेत आहे. गल्लीतील महाप्रसादात मात्र अर्ध्या भरलेल्या पत्रावळ्या गुरांच्या तोंडी जातात, आणि त्यासोबत प्लास्टिकही जाते. ज्या गजाननाचे नाव घेऊन पंगत बसली, त्याच्याच पहिल्या दर्शनाचा हा विसर म्हणावा लागेल.

अकोलीच्या कोरड्या विहिरीची कथाही अशीच आहे. भर उन्हात पाणी मागणाऱ्या महाराजांना शेतकरी भास्कर पाटलाने नकार दिला. पुढे जवळच्या कोरड्या विहिरीपाशी महाराजांनी ईश्वराची करुणा भाकली आणि विहिरीस पाणी आले. तोच भास्कर पुढे महाराजांचा एकनिष्ठ भक्त झाला. वऱ्हाडातील लोकमानसात ही कथा इतकी खोल का रुजली, हे घाटाखालील मंडळींना सांगावे लागत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील परिसर खारपाण पट्ट्यात मोडतो. येथे विहीर खोदावी तर पाणी लागते, पण ते ओठांस लावता येत नाही. अशा भूमीत गोड पाण्याचा प्रत्येक थेंब प्रसादासारखा जपावा लागतो.

सेवेची वाटणी आणि हिशेबाची पाटी

महाराज देहात असतानाच, १२ सप्टेंबर १९०८ रोजी, शेगावच्या संस्थानची स्थापना झाली. त्याच वर्षी अकोल्यातील शिवजयंतीच्या सभेत लोकमान्य टिळक आणि महाराज एका व्यासपीठावर होते, ही हकीकत गजानन विजय ग्रंथात आली आहे. ज्या लोकमान्यांनी १८९३-९४ च्या सुमारास गणरायाच्या उत्सवाला घराच्या देव्हाऱ्यातून चौकात आणण्याची चळवळ चालविली, त्याच लोकमान्यांची आणि शेगावच्या संताची अशी ही गाठ पडली. चौकातील उत्सव आणि शेगावचा उत्सव यांचे नाते म्हणूनच केवळ तिथीचे नाही.

संस्थानचे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे ते त्याच्या सेवाधारी पद्धतीमुळे. पांढऱ्या वेशातील हे सेवाधारी गावोगावहून येतात, ठरलेले दिवस सेवा करतात आणि आपापल्या शेतावर वा नोकरीवर परत जातात; मग त्यांच्या जागी दुसरे येतात. वेतन नाही, मानपान नाही. कोणी दर्शनाची रांग सांभाळतो, कोणी पादत्राणे ठेवतो, कोणी फरशी पुसतो. हजारोंच्या या सेवेत एक मर्म आहे. कोणा एकावर सारा भार पडत नाही, आणि कोणी एकटा सारे श्रेयही घेऊ शकत नाही. काम लहान लहान भागांत वाटलेले असते. म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते.

या व्यवस्थेला आकार देण्यात शिवशंकरभाऊ पाटील यांचा वाटा फार मोठा होता. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते निवर्तले. ते संस्थानच्या कामावर असतानाही तेथील अन्न वा पाणी घेत नसत, असे शेगावात आजही आदराने सांगितले जाते. देवाच्या दारी येणारा पैसा देवाच्या लेकरांचा आहे, आपण केवळ त्याचे राखणदार, ही वृत्ती त्यामागे होती. त्या काळात संस्थानचे कार्य मंदिराच्या आवाराबाहेर पसरले. १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. मतिमंद मुलांसाठी विद्यालय, विविध उपचारपद्धतींचे दवाखाने आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासी बांधवांसाठी आरोग्यसेवा अशी कामे उभी राहिली. खेड्यापाड्यांतील भजनी मंडळांना वीणा, मृदंग, टाळ आणि संतांचे ग्रंथ देण्याचा उपक्रमही संस्थानने चालविला. दान घेऊन ते वस्तीकडे परत पाठविण्याची ही रीत आहे.

येथे एक शंका साहजिक आहे. संस्थान मोठे, त्याच्याकडे येणारा ओघ मोठा. गल्लीतील मंडळाने त्याच्याशी बरोबरी कशी करावी? बरोबरी करावयाचीच नाही. तीन गोष्टी तेवढ्या घ्याव्यात: सेवा वाटून घेणे, हिशेब उघडा ठेवणे आणि जागा स्वच्छ ठेवणे. यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही. हिशेबासाठी मंडपाच्या दर्शनी भागी एक फळा आणि खडू पुरतो. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे रोज सायंआरतीपूर्वी त्यावर लिहिले, तर वर्गणी मागणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहण्याचा प्रसंग कोणावर येणार नाही. आज अनेक घरे वर्गणी देतात ती श्रद्धेपेक्षा संकोचाने किंवा भिडेने देतात, हे कटू असले तरी सत्य आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घराने दिलेले पन्नास रुपये आणि व्यापाऱ्याने दिलेले पाच हजार यांची देवाजवळ किंमत सारखी असेल, तर त्या पन्नास रुपयांचे काय झाले हे विचारण्याचा त्या घराचा अधिकारही सारखाच आहे.

खामगावचे दोन उत्सव

शेगावापासून सुमारे सोळा-सतरा किलोमीटरवर असलेले खामगाव ही कापसाची जुनी पेठ. चांदीच्या व्यवहारामुळे तिला रजतनगरी म्हणून ओळखतात. या शहराच्या वस्त्यांनी उत्सवाची आपली अशी परंपरा घडविली आहे. येथील मानाचा गणपती लाकडी आहे. विसर्जन मिरवणुकीत अग्रस्थान त्याचे. मातीची मूर्ती दरवर्षी नवी येते आणि जाते. लाकडी मूर्ती मात्र पिढ्यानुपिढ्या त्याच वस्तीची राहते. ज्या मूर्तीला आजोबांनी खांदा दिला, तिलाच नातू खांदा देतो. पाण्याला कसलाही उपसर्ग न होता परंपरा अखंड राहू शकते, याचे हे जुने उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे, आणि ते कोणत्याही कायद्याच्या पूर्वीचे आहे.

दुसरा उत्सव जगदंबेचा. सर्वत्र नवरात्र आटोपते, घट हलतात, दसऱ्याचे सोने लुटून होते. आणि मग कोजागरी पौर्णिमेपासून खामगावात जलालपुरा भागातील मोठ्या देवीच्या उत्सवाला आरंभ होतो. शांती उत्सव या नावाने तो ओळखला जातो. देवीचे तेज शांत होऊन तिने लेकरांवर कृपादृष्टी ठेवावी, ही भावना त्या नावात आहे. एका वस्तीच्या देवीसाठी सारे शहर आणि आसपासची खेडी लोटतात, ही त्या वस्तीच्या चिकाटीची पावती होय. ज्या वस्तीच्या दारी इतके पाहुणे येतात, तिच्या रस्त्यांची, दिव्यांची, पाण्याची आणि शौचालयांची व्यवस्था चांगली असावी, हे केवळ नगरपरिषदेचे नव्हे, तर आपल्या साऱ्यांचेच आतिथ्य आहे.

शेगावची पालखी १९६८ पासून आषाढी वारीला पायी पंढरपुरी जाते. परतीच्या प्रवासात ती खामगावी मुक्काम करते, आणि शेवटच्या मजलीत खामगाव ते शेगाव या वाटेवर भक्तांचा महापूर लोटतो. वाटेवरील वस्त्या चहा, फराळ, पाणी घेऊन उभ्या राहतात. ही सेवा मोलाचीच आहे. मात्र हजारो हातांनी दिलेला चहा हजारो पेले मागे टाकतो. जो हात पेला भरतो, त्याच हाताने शेजारी एक टोपलीही ठेवली, आणि पालखी पुढे गेल्यावर तासभर रस्ता झाडला, तर ती सेवा पूर्ण होते. अर्धी सेवा ही अर्ध्यावर सोडलेल्या आरतीसारखी असते.

खराटा आधी, कीर्तन नंतर

वऱ्हाडच्या भूमीला हा विचार नवा नाही. महाराजांच्या प्रकटनाच्या बरोबर दोन वर्षे आधी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी जन्मास आले. तेच पुढे संत गाडगेबाबा झाले. गावात शिरताच बाबा खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडून झाले, की रात्री त्याच स्वच्छ जागेवर कीर्तन होई. कीर्तनातून जमलेल्या पैशांतून त्यांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधविल्या. पण स्वतः त्या धर्मशाळेत हक्काने राहण्याचा आग्रह धरला नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ लिहून सामुदायिक प्रार्थनेला सामुदायिक श्रमाची जोड दिली. या दोघांच्या कार्यक्रमाचा क्रम लक्षात घ्यावा. आधी जागा शुद्ध, मग नाम. आपल्या मंडळांनी हा क्रम उलटा केला आहे. आधी ध्वनिक्षेपक लागतो आणि स्वच्छतेची आठवण अकराव्या दिवशी येते, तीही आली तर.

घाटावरचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम उभारला. विवेकानंद जन्मोत्सवाला तेथे लक्षावधी लोक शेतात ओळीने बसतात, आणि पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून पंगतीत पोहोचविला जातो. कोणी उठत नाही, कोणी धक्काबुक्की करीत नाही. त्याच आश्रमाने शिक्षणाचे आणि रुग्णसेवेचेही काम केले. मोठी गर्दी म्हणजे गोंधळच, ही आपली समजूत या एका पंगतीने खोटी ठरविली आहे.

गल्लीचे गणित

आता आपल्या गल्लीकडे वळू. समजा, एका गल्लीत साठ घरे आहेत. दहा दिवसांच्या उत्सवात प्रत्येक घरातून केवळ एका व्यक्तीने एकदाच दोन तास दिले, तर एकशे वीस तासांचे श्रम जमतात. एवढ्या श्रमात तुंबलेली नाली मोकळी होते, सार्वजनिक विहिरीचा वा कूपनलिकेचा परिसर स्वच्छ होतो, शाळेची भिंत रंगविता येते आणि काही झाडांना आळी करून कुंपण घालता येते. हे गणित पाटीवर मांडावे इतके सोपे आहे. अडचण श्रमांची नाही. अडचण आहे ती आपल्या नावाची वेळ कोणती, हे कोणी ठरवून देत नाही याची. म्हणून मंडपात आरतीच्या यजमानांची यादी लागते तशीच श्रमाच्या वेळेचीही यादी लागावी. आज आरतीचा मान ज्या घरास, त्याच घरास आज खराट्याचाही मान.

पाण्याचे गणितही असेच. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की शंभर लिटर पाणी उतरते. वर्षाकाठी सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या एका छपरावर सत्तर हजार लिटर पाणी पडते. त्यातील निम्मे जरी वस्तीच्या मंदिराच्या वा समाजमंदिराच्या छपरावरून पन्हळीने उतरवून गाळून जमिनीत मुरविले अथवा टाकीत साठविले, तरी खारपाण पट्ट्यातील वस्तीस तो मोठा आधार होईल. उत्सवाच्या शिल्लक रकमेतून एक पन्हळ, एक गाळणी आणि एक टाकी, एवढे तरी होण्यासारखे आहे. जिल्ह्याने असे सामूहिक काम पाहिलेले आहे. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने येथे तलाव व धरणांतील गाळ काढण्याची मोहीम हाती घेतली. शंभराहून अधिक यंत्रे चालली, आणि निघालेला गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेला. यंत्रे बाहेरून आली. गाळ वाहण्याचे कष्ट मात्र गावकऱ्यांनी केले. दोहोंपैकी एक बाजू नसती तर काम अडले असते.

एवढ्या कष्टाने मोकळ्या केलेल्या तलावात प्लास्टरच्या मूर्ती सोडणे म्हणजे एका हाताने गाळ उपसून दुसऱ्या हाताने भरणे होय. आपल्या शास्त्राने पार्थिव पूजन सांगितले आहे. पार्थिव म्हणजे मातीचे. शाडूची माती पाण्यात काही तासांत विरघळते. प्लास्टर पाणी लागताच घट्ट होते आणि तळाशी पडून राहते. घरात आधीच तशी मूर्ती आणली गेली असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखविलेल्या रीतीने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात तिचे घरीच विसर्जन करता येते. राहिलेले पाणी खत म्हणून वापरता येते. पण पुढील वर्षी मातीचीच मूर्ती आणण्याचा संकल्प याच वर्षीच्या विसर्जनाच्या वेळी सोडावा, हे अधिक योग्य.

पूजेतील पत्रीचाही येथे विचार व्हावा. माका, बेल, दूर्वा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, डाळिंब, मरवा, पिंपळ, जाई, हादगा अशी एकवीस प्रकारची पत्री गणेशाला वाहतात. पूर्वी मुले सकाळीच परडी घेऊन गल्लीच्या कडेने हिंडत आणि ती गोळा करीत. आज पत्रीची जुडी बाजारातून येते आणि त्यात कोणते पान कोणाचे, हे घरातील कोणासही सांगता येत नाही. मंडळाने वस्तीतील एका मोकळ्या तुकड्यावर या वनस्पतींची लहानशी वाटिका केली, तर पूजा शास्त्रोक्त होईल, मुलांना झाडे ओळखता येतील आणि उन्हाळ्यात वृद्धांना सावली लाभेल. निर्माल्याचे खतही त्याच वाटिकेत जिरेल.

घरातील गृहिणींना मंडळाच्या कारभारात स्थान द्यावे, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्म्यांचे आवाहन, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सवाष्णीचे पान असा तीन दिवसांचा अवघड व्याप ज्या बिनबोभाट पार पाडतात, कशाला किती लागले आणि काय उरले हे ज्यांना तोंडपाठ असते, त्यांच्याकडे वर्गणीची वही दिली तर हिशेबाची चिंता उरणार नाही. मंडळाचे कार्यकर्ते तरुण असावेत हे योग्यच. पण वस्तीत कोणाच्या घरी औषधाला पैसे नाहीत, कोणते मूल शाळेतून निघाले, कोणती म्हातारी एकटी आहे, हे माउलींनाच ठाऊक असते. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद व्हावा हा नियम आहे; पण त्या गल्लीत कोणी आजारी आहे, म्हणून तो आठलाच बंद करावा, हे सांगण्यासाठी नियम पुरत नाही, शेजारधर्म लागतो.

मान आणि जबाबदारी

२०२५ साली महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. शेगावातही समाधी शताब्दीच्या निमित्ताने शासनाने विकासाचा खास आराखडा आखला होता. शासनाने द्यावे, नगरपरिषदेने करावे, हे खरेच. रस्ते, नळ आणि दिवे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि त्याची मागणी मंडळांनी एकजुटीने करावी. पण शासनाने बांधलेली नाली तुंबू नये, लावलेले झाड वाळू नये आणि बसविलेला नळ गळत राहू नये, हे पाहण्यास शासन रोज सकाळी गल्लीत येत नाही. तेथे शेजारीच लागतो.

देव दहा दिवस आपल्या गल्लीत राहावयास येतो. पाहुणा यावयाचा म्हणून आपण घर सारवतो, उंबरठा धुतो, रांगोळी काढतो. तो निघून गेल्यावर पुन्हा घाण करून ठेवावी, असे कोणत्याही घरात घडत नाही. मग वस्तीत ते का घडावे? वस्ती हे आपले मोठे घरच आहे. अनंत चतुर्दशीला निरोप देताना आपण गणरायाला पुढच्या वर्षी लवकर येण्यास विनवितो. तो येईल तेव्हा त्याला हीच नाली वाहती दिसावी, हेच झाड हातभर वाढलेले दिसावे, आणि याच फळ्यावर मागच्या वर्षीची शिल्लक कोठे लागली ते लिहिलेले दिसावे.

पंचमीच्या दिवशी समाधीपुढे हात जोडताना प्रत्येक भाविकाने एवढाच संकल्प करावा: यंदा माझ्या वाट्याचे दोन तास माझ्या गल्लीचे. संतकृपेने तो सिद्धीस जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.